पहिलीचा वर्ग लावताना

पताका आणि कार्टून नंतर. आधी भिंतीची खालची पट्टी मोकळी करा. पहिलीचं मूल जेमतेम साडेतीन-पावणेचार फुटांचं असतं, म्हणून तक्ते जमिनीपासून अडीच ते चार फुटांच्या मध्येच हवेत. छताजवळचं अक्षर बोटाने गिरवता येत नाही, आणि या वयात बोट फिरवणं फार मोलाचं.

चिकटपट्टी टाळा. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की ती सुटते, सोबत रंगाचे पोपडेही काढते. त्यापेक्षा दोन खिळ्यांमध्ये नायलॉनची दोरी ताणा आणि कपड्यांचे चिमटे लावा. लांब दोरीला मधे एक खिळा हवाच, नाहीतर झोळ पडतो. चित्रं मुलांनीच काढलेली, दर पंधरवड्याला बदललेली.

मणीमाळ मात्र नीट करा: 100 मणी, दहा-दहाचे दोन रंग आलटून पालटून. ओवताना वीतभर दोरी रिकामी सोडा. मणी गच्च बसले तर सरकवून मोजताच येत नाहीत, आणि मग माळ नुसती शोभेला उरते.

फळ्याभोवती काहीही लावू नका. नजर तिकडेच जाते.

पुस्तकं कुलपात नकोत. मुखपृष्ठ दिसेल अशी दोरीवर टांगा. फाटतील, डिंक आणि पातळ कागद जवळ ठेवा.