वाचकांची पत्रं : सातवा नकाशा

गेल्या महिन्यात मी पडद्यावरच्या चोऱ्यांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर निघाली : पुस्तकांची चोरी. मी अठ्ठावीस वर्षं एका ग्रंथालयाच्या दुर्मिळ ग्रंथ विभागात काढली आहेत, तेव्हा या वेळी उत्तरं थोडी लांबतील.

प्रश्न : ताई, रविवारी रात्री ‘अमेरिकन अ‍ॅनिमल्स’ पाहिला. चार कॉलेजची पोरं ग्रंथालयातली जुनी पुस्तकं पळवायला निघतात. अर्धा सिनेमा होईपर्यंत मी मनातून त्यांच्याच बाजूने होतो, सुटावीत बिचारी, असं वाटत होतं. मग एकदम पोटात कालवलं. हे खरंच घडलं होतं का? आणि असं वाटणं चूक आहे का?

उत्तर : घडलं होतं. १७ डिसेंबर २००४ रोजी, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लेक्सिंग्टनच्या ट्रान्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात. पोरांचा डोळा होता पक्ष्यांचे चित्रकार ऑड्युबॉन यांच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’वर. पक्षी आहेत तेवढ्याच आकाराचे दाखवायचे म्हणून या ग्रंथाचं पान जवळजवळ एक मीटर उंच केलेलं आहे, आणि त्यातली ४३५ चित्रं हाताने रंगवलेली आहेत. असा खंड काखोटीला मारून पळता येत नाही. त्यांनी तो जिन्यापर्यंत नेला आणि तिथेच टाकला. हाती लागली ती डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ची १८५९ची पहिली आवृत्ती, १४९१चा औषधी वनस्पतींचा एक छापील ग्रंथ आणि ऑड्युबॉनची काही पेन्सिलचित्रं. ही पुस्तकं घेऊन ते न्यूयॉर्कच्या लिलावगृहात किंमत काढायला गेले. ज्या ईमेल पत्त्यावरून ग्रंथालयाकडे भेटीची वेळ मागितली होती, तोच पत्ता तिथेही वापरला. दोन महिन्यांत चौघंही पकडले गेले, पुस्तकं परत मिळाली आणि प्रत्येकाला सात वर्षांची कैद झाली.

पोटात कुठल्या प्रसंगाला कालवलं, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे. दिग्दर्शक बार्ट लेटन यांनी आधी पोरांच्या डोक्यातली चोरी दाखवली आहे. तिथे सगळं तालात, सफाईने पार पडतं. मग खरी चोरी येते. ग्रंथपाल बाईला विजेचा झटका देतात, हातपाय बांधतात, ती विव्हळते, आणि पोरांचे हात थरथरतात. मी तिथे सिनेमा थांबवला आणि बराच वेळ पुन्हा सुरू केला नाही.

कारण त्याच्या आधीचं दृश्य माझ्या ओळखीचं होतं. कुणीतरी आपणहून संपर्क साधतं, ‘अमुक ग्रंथ पाहायचा आहे, वेळ द्याल का?’ म्हणून विचारतं. दुर्मिळ ग्रंथ विभागात असे दिवस फार थोडे येतात. त्या दिवशी मी लवकर जात असे. टेबल पुसून घ्यायचं, ग्रंथाची पाठ मोडू नये म्हणून खाली फोमच्या उतरत्या उशा मांडायच्या, पान धरून ठेवायला वजनाच्या पट्ट्या काढून ठेवायच्या. मनात एकच असायचं की आज हे पान कुणीतरी बघणार. त्या बाईनेही त्या सकाळी हेच केलं असणार, आणि तिच्या त्या आनंदाचाच त्यांनी दाराच्या किल्लीसारखा वापर केला. शिक्षा कडक होती का, असं बरेच जण विचारतात. मला ती योग्य वाटते, आणि पुस्तकांसाठी नव्हे, त्या बाईसाठी.

तुम्हाला जे वाटलं ते चूक नाही. सिनेमाने तुम्हाला आधी त्या पोरांच्या खोलीत बसवलं आणि मग बाईसमोर आणून उभं केलं. शेवटी ती खरी ग्रंथपाल स्वतः पडद्यावर येऊन बोलते. तेवढ्यासाठी मी या सिनेमाला हात जोडते.

प्रश्न : बायकोबरोबर ‘कॅन यू एव्हर फरगिव्ह मी?’ पाहिला. एकटी, कफल्लक लेखिका, आजारी मांजर, आणि पोटासाठी दिवंगत लेखकांच्या नावाने खोटी पत्रं लिहून विकणं. आम्हा दोघांनाही तिची कणव आली. यात चोरी अशी कुठे आहे?

उत्तर : कणव मलाही आली. मेलिसा मॅकार्थीने ती बाई अशी उभी केली आहे की तिचा राग धरवत नाही. पण सिनेमाचा उत्तरार्ध पुन्हा बघा. ली इस्रायल या खऱ्या लेखिकेने चारशेच्या आसपास पत्रं रचली, तोवर फसले ते पत्रांचे व्यापारी आणि संग्राहक. नंतर तिने ग्रंथालयांच्या संग्रहातली अस्सल पत्रं काढून त्यांच्या जागी नकला ठेवायला सुरुवात केली. माझ्या लेखी त्या क्षणी गुन्ह्याची जातच बदलते. रिकामी जागा निदान कधीतरी दिसते. नक्कल ठेवली की जागा भरलेलीच दिसते, आणि पुढचा अभ्यासक ती नक्कल अस्सल समजून तिच्यावर वर्ष घालवतो. तिने ब्रिटिश नाटककार नोएल कॉवर्डच्या नावाने रचलेली दोन पत्रं २००७ साली निघालेल्या त्याच्या पत्रसंग्रहात अस्सल म्हणून छापली गेली होती. तिला झाली ती सहा महिन्यांची घरकैद आणि पाच वर्षं देखरेख.

प्रश्न : मी एम.ए.ला आहे. आमच्याकडे सगळे म्हणतात की आता प्रत्येक जुन्या पुस्तकाचं स्कॅन मिळतं. मग मूळ प्रत चोरीला गेली तर नेमकं काय जातं?

उत्तर : तुला एक माणूस सांगते. ओवेन गिंगरिच नावाचे खगोलशास्त्राचे इतिहासकार होते. कोपर्निकसच्या ग्रंथाच्या १५४३ आणि १५६६ या पहिल्या दोन आवृत्त्यांच्या जगभरातल्या प्रती त्यांनी जवळपास तीस वर्षं शोधल्या. सुमारे ६०० प्रतींची नोंद झाली. मजकूर सगळ्यांत एकच, मग एवढा खटाटोप कशाला? तर समासांसाठी. कुणी कुठल्या ओळीपाशी थांबलं, कुणी काय खोडलं, गुरूच्या टिपा शिष्याने आपल्या प्रतीत कशा उतरवून घेतल्या, हे ज्या त्या प्रतीतच सापडतं. हा ग्रंथ कुणी वाचलाच नाही, असा समज होता. तो या समासांनी मोडला. आणि प्रत्येक प्रतीची बांधणी, डाग, शेरे असे टिपलेले असल्यामुळे चोरीची प्रत बाजारात आली की ती कुठली, हे गिंगरिच सांगू शकत. नोंद ही अशी कामाला येते.

स्कॅनचं म्हणशील, तर ‘सिडेरिअस नुन्सिअस’ या गॅलिलिओच्या दुर्बिणीतल्या निरीक्षणांवरच्या १६१०च्या पुस्तकाची एक प्रत २००५ साली बाजारात आली. तिच्यात चंद्राची रंगीत चित्रं होती. मोठमोठ्या तज्ज्ञांनी ती तपासली आणि अस्सल ठरवली. निक वाइल्डिंग या इतिहासकाराने शिक्का आणि छपाईतल्या बारीक खुणा अस्सल प्रतींशी ताडून ती बनावट असल्याचं दाखवून दिलं. तुलनेला अस्सल प्रती होत्या म्हणून हे जमलं. आणि त्या बनावट प्रतीमागे जो माणूस होता, तो मारिनो मास्सिमो दे कारो, पुढे नेपल्सच्या जिरोलामिनी ग्रंथालयाचा संचालक झाला आणि तिथलेच ग्रंथ त्याने लुटले. २०१२ साली त्याला अटक झाली. कुंपणानेच शेत खाल्लं.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो, पुस्तकाच्या प्रेमापोटी केलेली चोरी ही चोरी नव्हे. तुमचं मत?

उत्तर : मला ते मान्य नाही. अमेरिकेतल्या स्टीफन ब्लूमबर्गच्या घरातून १९९० साली २३,६०० पुस्तकं निघाली. ती २६८ ग्रंथालयांतून आणि संग्रहालयांतून आणलेली होती. विकायची म्हणून नव्हे, जवळ हवीत म्हणून. त्या पुस्तकांवरच्या ग्रंथालयांच्या खुणा त्याने काढून टाकल्या होत्या. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं नाव-गाव कुणी पुसत नाही.

प्रश्न : छतातून दोर सोडून उतरणारे चोर, लेझरचे किरण वगैरे बघून कंटाळा आला. तुम्हाला पुस्तकचोरीवर सिनेमा काढायला सांगितला, तर कुठली चोरी निवडाल?

उत्तर : छतातून उतरणारे चोरही खरे असतात बरं. जानेवारी २०१७मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या गोदामात चोर छताला भोकं पाडून दोराने उतरले आणि दीडशेहून जास्त ग्रंथ घेऊन गेले. त्यात न्यूटन होता, गॅलिलिओ होता. २०२०मध्ये ते रुमानियात एका घराच्या जमिनीखाली पुरलेले सापडले.

पण मी ती चोरी घेणार नाही. २०२२पासून युरोपात जे घडलं, ते घेईन. एस्टोनिया, लाटव्हिया, पोलंड, फ्रान्स अशा देशांच्या ग्रंथालयांत माणसं अभ्यासक म्हणून यायची आणि पुश्किन, गोगोल या रशियन लेखकांच्या जुन्या आवृत्त्या मागवायची. पानं मोजायची, फोटो घ्यायची, नम्रपणे परत करायची. पुन्हा यायची ती हुबेहूब नक्कल घेऊन, आणि जाताना टेबलावर नक्कल ठेवून मूळ प्रत न्यायची. युरोपीय संघाची पोलीस यंत्रणा युरोपोल हिने २०२४ साली सांगितलेला आकडा निदान १७० पुस्तकांचा आहे. या सिनेमात पळापळ नसेल. एक टेबल, एक दिवा, दोन हात, आणि काउंटरमागे बसलेली एक व्यक्ती, जिला काहीच दिसत नाही.

ती व्यक्ती मी होते, म्हणून हे निवडते आहे. आमच्याकडे एकोणिसाव्या शतकातलं एक प्रवासवर्णन होतं, त्यात बारा घडीचे नकाशे. एके दिवशी एका संशोधक बाईंनी सातवा नकाशा मागितला. मी पुस्तक उघडलं, तर सहाव्यानंतर आठवा. मध्ये पाठीला चिकटून बोटाच्या पेराएवढी कागदाची पट्टी शिल्लक. कड इतकी सरळ की फाटलेलं नव्हतं, पात्याने कापलेलं होतं. देवघेवीच्या नोंदवहीत त्या पुस्तकापुढे आधीच्या चार वाचकांची नावं होती. चारही वेळा पुस्तक मी स्वतः परत घेतलं होतं, आणि चारही वेळा नकाशे मोजले नव्हते. वाचक ओळखीचे होते. मोजणं मला अपमानाचं वाटायचं.

वरिष्ठांना सांगितलं. उत्तर आलं : बोभाटा नको, देणगीदार नाराज होतील. पोलिसांत तक्रार झाली नाही, व्यापाऱ्यांना कळवलं नाही. हे मला आजही बोचतं. नकाशा गेला तो गेलाच, पण तो चोरीचा आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो विकायला आता कसलीच आडकाठी नव्हती. फोर्ब्स स्माइली नावाचा नकाशांचा प्रतिष्ठित व्यापारी २००५ साली येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात पकडला गेला, कारण त्याच्याकडचं पातं जमिनीवर पडलं आणि ते एका कर्मचाऱ्याच्या नजरेस आलं. नंतर त्याने ९७ नकाशांची कबुली दिली. त्यातले बरेच गेलेत, हे काही ग्रंथालयांना तेव्हाच कळलं.

त्या दिवसानंतर मी प्रत्येक पुस्तक देताना आणि घेताना वाचकासमोर चित्रं मोजू लागले. सुटी पानं असतील तर गठ्ठा तराजूवर. काही जण दुखावले, दोघांनी तक्रार केली. संशोधक बाई मात्र माझ्याबरोबर मोठ्याने मोजायच्या.

प्रश्न : गेलेलं पुस्तक कधी आपणहून परत येतं का?

उत्तर : फार क्वचित. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून डार्विनच्या दोन वह्या नाहीशा झाल्या होत्या. एकीत १८३७ साली त्याने काढलेलं जीवसृष्टीच्या झाडाचं रेखाटन. जानेवारी २००१मध्ये त्या जागेवर नाहीत हे लक्षात आलं, पण इकडेतिकडे ठेवल्या गेल्या असतील, या समजात वीस वर्षं गेली. नोव्हेंबर २०२०मध्ये ग्रंथालयाने चोरीची शक्यता जाहीरपणे मांडली आणि लोकांना आवाहन केलं. ९ मार्च २०२२ रोजी एका गुलाबी पिशवीत दोन्ही वह्या ग्रंथपालांच्या खोलीबाहेर ठेवलेल्या सापडल्या. सोबत पाकिटावर ईस्टरच्या शुभेच्छा. ठेवणारं कोण, ते दिसलं नाही. बातमी वाचली तेव्हा मला रडू आलं. बोभाटा केला, म्हणून त्या परत आल्या, असं मी मानते.

प्रश्न : जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक छान ग्रंथ मिळाला. आत एका ग्रंथालयाचा शिक्का आहे. तो ठेवू की नको?

उत्तर : शिक्का आहे म्हणजे चोरीचंच आहे, असं नाही. ग्रंथालयं पुस्तकं रीतसर बाद करतात, त्याला निर्लेखन म्हणतात. तसं असेल तर बहुधा ‘रद्द’चा किंवा ‘बाद’चा दुसरा शिक्का असतो, नाहीतर दाखल क्रमांकावर रेघ मारलेली असते. मुखपृष्ठाची मागची बाजू, शीर्षकपान आणि शेवटचं पान नीट बघा. काही ग्रंथालयं आतल्या एखाद्या ठरलेल्या पानावरही गुपचूप शिक्का मारतात, म्हणून सगळी पानं उलटा. शिक्का घासून काढल्याची खूण किंवा पान कापल्याची पट्टी दिसली, तर विक्रेत्याकडे परत नेऊ नका, पुस्तक पुन्हा ढिगात जाईल. शिक्क्याचा आणि दाखल क्रमांकाचा फोटो काढून त्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालांना पाठवा. आणि पुस्तकात नकाशे असतील तर तेही मोजा, किती आहेत ते त्यांना लिहा.