क्रूपमध्ये (लहान मुलांचा घसा आतून सुजून श्वास अडकतो त्या आजारात) अ‍ॅड्रेनलिन दिल्यावर मूल बरं दिसत असताना चार तास का थांबवून ठेवतात? बिलासाठी का?

बिलासाठी नाही हो. दीड वर्षाची मुलगी मास्कमधून अ‍ॅड्रेनलिन दिल्यावर वीस मिनिटांत खेळायला लागली, तरी सोडेनात, वर स्टेरॉइड दिलं आणि अँटिबायोटिक मात्र नाही, म्हणून तुम्हाला संशय येणं साहजिक आहे. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, आमच्याशीही लोक यावरून भांडतात.

क्रूप व्हायरसने होतो, बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएंझाने. स्वरयंत्राच्या खाली आतून सूज येते आणि लहान मुलांची नळी तिथे आधीच अरुंद, त्यामुळे तो कुत्रा भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना घर्र आवाज. अ‍ॅड्रेनलिनने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, 10 ते 30 मिनिटांत मूल बदललेलं दिसतं, पण दोनेक तासांत त्याचा असर संपतो आणि त्रास परत येऊ शकतो. तो तुम्ही घरी जाताना रिक्षात आला असता तर काय केलं असतं? म्हणून 2 ते 4 तास नजरेखाली ठेवतात.

खरा भरवसा स्टेरॉइडवर, म्हणजे डेक्सामेथासोनवर. डोस साधारण किलोला 0.6 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोच्या मुलाला 6 (काही ठिकाणी 0.15 नेही भागवतात). ते हळू चढतं, पण दीड-दोन दिवस तरी पुरतं, म्हणून बहुतेकांना एकच डोस लागतो, आणि एका डोसने वाढ खुंटेल वगैरे जे ऐकता ते रोज महिनोन्महिने घेणाऱ्यांचं. तोंडातून दिलं तरी इंजेक्शनइतकंच चालतं, आम्ही इंजेक्शनचंच औषध सिरिंजमध्ये गोड सिरपात मिसळून गालाच्या आत थोडं थोडं सोडतो, मूल आईच्या मांडीवरच, कारण रडलं की श्वास अजून अडकतो. उलट्याच होत असतील तर मग सुई, नाहीतर बुडेसोनाइड हे दुसरं स्टेरॉइड 2 मिलिग्रॅम नेब्युलायझरमधून.

अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, ते लिहिलं नाही हे उलट चांगल्या डॉक्टरचं लक्षण समजा. दम्याचं सालब्युटामोलही इथे उपयोगाचं नाही, ते खालच्या छोट्या नळ्या मोकळ्या करतं आणि इथे अडचण वर गळ्यात आहे. आणि आजी म्हणाल्या तरी गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ देऊ नका, फायदा सिद्ध झालेला नाही, भाजलेली पोरं मात्र येतात.

खोकला अजून दोन-तीन रात्री राहील, रात्रीच जास्त. पण ती शांत पडलेली असतानाही घर्र ऐकू येत असेल, गळ्याखालचा खळगा नाहीतर बरगड्या आत ओढल्या जात असतील, लाळ गिळता येत नसेल, ओठ निळसर दिसले किंवा एकदम मलूल झाली तर सकाळची वाट बघू नका, त्याच पावली हॉस्पिटल. आणि मेडिकलमधून डेक्साच्या गोळ्या आणून स्वतःच्या मनाने दुसरा डोस देऊ नका.