हळदीपासून सुरुवात करा

ताई, सहा वर्षांच्या लेकीला घरी विज्ञानाची गोडी कशी लावायची, असं विचारलंत ना, मग महागडं विज्ञानाचं किट आणूच नका. चमचाभर हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदावर पातळ लेप द्या, पंख्याखाली वाळवा. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत कागद दमटच राहतो, तेव्हा आदल्या रात्री करून ठेवा. मग कापूस गुंडाळलेली काडी साबणाच्या दाट पाण्यात बुडवून तिला चित्र काढू द्या. पिवळ्यावर लालसर रेघ उमटते! वर लिंबाचे थेंब टाकले की पुन्हा पिवळी.

हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य साबणासारख्या अल्कलीत लाल होतं, लिंबासारख्या आम्लात पिवळं राहतं. पण हे लगेच सांगू नका. "असं का झालं असेल गं?" एवढंच विचारा आणि थांबा. माझ्या मुलाला स्वतःहून शाळेच्या शर्टावरचा आमटीचा डाग आठवला, साबण लावल्यावर लाल झालेला. त्याचा तेव्हाचा चेहरा मी विसरणार नाही.

मग जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात घालून त्या रंगीत पाण्यावरही साबण आणि लिंबू वापरून बघा. गरम पाणी मात्र तुम्हीच हाताळा, आणि खायचा चुनाही अल्कलीच, पण तो मुलांना देऊ नका, डोळ्यांना फार घातक.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जरूर न्या, ते १९८५ पासून आहे. पण आधी घरी दोन-चार प्रयोग होऊ द्या.