पाचर कुणी मारली?

ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला कारखान्याच्या ‘सेफ्टी’त जायचंय. तुमच्या मिस्टरांची दोन बोटं पाच वर्षांपूर्वी पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर गेली. चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहून फाइल बंद झाली. आणि तुम्ही विचारता, हेल्मेट-बूट तपासत फिरायच्या नोकरीत पुढे काय?

हेल्मेट-बूट हे त्यातलं अगदी शेवटचं. खरं काम प्रेससमोर उभं राहून बघायचं. हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, राहू नये म्हणून प्रेसला दोन बटणं देतात, दोन्ही हातांनी दाबली तरच स्लाइड, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येते. पण पत्रा हलतो, एका हाताने धरावाच लागतो आणि शिफ्टचा आकडा गाठायचा असतो. मग एक बटण दाबलेलंच राहावं म्हणून त्यात लाकडाची पाचर. कंट्रोल नीट डिझाइन केलेला असेल तर दर स्ट्रोकनंतर दोन्ही बटणं सोडून पुन्हा एकदम दाबावी लागतात, तिथे पाचर चालतच नाही. पाचर मारणाऱ्याला मेमो दिला तर उद्या दुसरा मारेल. पत्रा धरून ठेवणारी पकड, म्हणजे फिक्श्चर, दिलं तर कुणी कशाला मारेल?

मोठ्या प्लँटमध्ये हा गुंता वाढतो. भोपाळला २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंदच होती, वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर ‘स्टँडबाय’वर होता आणि वायू जाळणाऱ्या फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. एकेकटी पाहिली तर यातली कुठलीच गोष्ट कुणाची झोप उडवणारी नाही. तिन्ही एकाच रात्री जुळल्या. शेवटच्या व्हॉल्व्हपाशी उभ्या असलेल्या माणसाचं नाव लिहून हे समजत नाही.

डिप्लोमानंतर लगेच कोर्स नको. दोन-तीन वर्षं प्रॉडक्शन किंवा मेंटेनन्समध्ये काढू द्या, नाहीतर ऑपरेटर त्याला खरं सांगणार नाहीत. मग मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका बघा. प्रवेशाच्या अटी त्या वेळी तपासा. सुरुवातीचा पगार डोळे दिपवणारा नसतो. शिवाय प्रॉडक्शन मॅनेजरला ‘मशिन थांबवा’ म्हणायची धमक लागते, ती कुठल्या कोर्सात मिळत नाही.

तोवर एक करा. त्या दिवशी मशिनवर नेमकं काय चाललं होतं, हे त्याला एकदा वडिलांनाच विचारू द्या. त्यांना ते आजवर कुणी विचारलं असेल असं तुमच्या पत्रावरून वाटलं नाही.