दुर्मीळ समुद्री बदकं काय खातात हे त्यांना न मारता कसं कळतं? आणि ते लोकांना सांगून काय उपयोग?

शीवरून कळतं. आमची आई नातेवाइकांना 'मुलगी अलास्कात सागरी संशोधन करायची' असं सांगते. प्रत्यक्षात मी दोन हंगाम स्टेलर आयडर या बदकाची शी चिवडली.

अलास्कात घरटी करणारे हे आयडर १९९७ पासून अमेरिकेच्या संरक्षित यादीत आहेत, त्यामुळे गोळी घालून पोट फाडायचा प्रश्नच नाही. तशीही ती पद्धत फसवी. कोंबडीच्या कलेजी-पेट्यातला पेटा असतो ना, बदकाच्या त्या पेट्यात शिंपल्यांच्या कपच्या टिकतात आणि मऊ किडे बघता बघता विरघळतात. मग बदक नुसते शिंपलेच खातं असं वाटायला लागतं. शीतल्या डीएनएत किड्यांचाही माग सापडतो.

आम्ही इझेम्बेकच्या खाडीत होतो. ईलग्रास या समुद्री गवताचं तिथे प्रचंड कुरण आहे आणि पिसं झडायच्या दिवसांत हे आयडर तिकडे येतात. ओहोटीला वाळूच्या दांड्यावर बसून गेले की आम्ही चिमटा आणि अल्कोहोलच्या कुप्या घेऊन धावायचो. चाळणीत धुतलं की निळसर कपच्या, बारीक खडे आणि वास. रत्नागिरीत तिसऱ्या खाऊन वाढलेली मी, पण त्या महिन्यात ताटात शिंपला नको झाला होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आमच्या वरिष्ठांचं फर्मान होतं: संशोधनाचा पेपर छापून येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, कुणीतरी डेटा पळवेल. पेपरला तीन वर्षं लागली. ज्या गावाच्या बोटीतून आम्ही फिरलो ते लोक दोनदा विचारून गेले, "काय सापडलं?" शेवटी मी वरिष्ठांना न विचारताच गावच्या शाळेत जाऊन चित्रं दाखवली. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने एकच विचारलं, "सगळं ओहोटीलाच गोळा केलंत? भरतीला ती दुसरीकडे चरतात." मी गप्प. आमचा प्रत्येक नमुना ओहोटीचाच होता. खोलीभर पीएचड्यांपैकी कुणाच्या हे डोक्यात आलं नव्हतं.

आणि उपयोग विचारताय तर शिशाचं बघा. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरायला अमेरिकेत १९९१ पासून बंदी आहे, पण चिखलात पडलेले जुने छर्रे चरताना पोटात जाऊन अलास्कातल्याच युकॉन-कुस्कोक्विमच्या त्रिभुज प्रदेशातले स्पेक्टॅकल्ड आयडर, म्हणजे आयडरचीच दुसरी जात, मेले. बंदूक ज्याच्या हातात आहे त्याला हे कळायला नको? तो काय जर्नल उघडून बसणार आहे?

तुम्ही यात पडणार असाल तर आधी गावात सांगा, मग छापा. डेटा पळवायला कुणी आलं नाही, येतही नाही. हां, घरट्यांच्या नेमक्या जागा मात्र जाहीर करू नका. आणि डीएनएवरून काय खाल्लं ते कळतं, किती खाल्लं ते धड कळत नाही. बदकाने गिळलेल्या किड्याच्या पोटात काय होतं तेही त्यात येतं. हे मी वरच लिहायला हवं होतं.

भरती-ओहोटीचा मुद्दा पेपरात आला, एका वाक्यात. आभारात बोटवाल्याचं नाव आहे, त्या शिकारी आजोबांचं नाही. त्यावरून वरिष्ठांचं आणि माझं अजून बोलणं बंद आहे.