जुन्या कोब्यावर नवी फरशी चालेल का?

प्रश्न: काका, देवरुखच्या आमच्या घरापुढं वडिलांच्या वेळचा सिमेंटचा कोबा आहे. भेगा पडल्यात, तुळशीपाशी पाणी साचतं. गवंडी म्हणतो, फोडू नका, वरूनच शहाबादी बसवतो. टिकेल का? – एक वाचक

उत्तर: ताई, टिकेल, पण आधी त्याला जोतं मोजायला लावा. फरशी 1 इंच, खालचा सिमेंट-वाळूचा माल दीड इंच, म्हणजे अंगण अडीच इंच वर येणार. त्यानंतरही जोत्याचा माथा अंगणापासून 6 इंच वर राहायला हवा, नाहीतर पागोळ्यांचं पाणी उसळून भिंती ओल धरतात. थोडक्यात, आज साडेआठ इंच नसतील तर कोबा फोडायचा. मी 30 वर्षं साइटवर काढली आणि स्वतःच्या घरी हेच मोजायचं विसरलो. पहिल्याच आषाढात पडवीत पाणी. बायको अजून ऐकवते.

उंची पुरत असेल तर हातोडीनं कोबा ठोकत फिरा. टणटण वाजला तर ठीक. बद्द वाजला तर खाली पोकळ आहे. तेवढा तुकडा काढा, मुरूम भरून चोपा, वर काँक्रीट करा. भेगेची एक कड खचली असेल तर तिथली माती बसलीय, नाहीतर शेजारच्या झाडाचं मूळ कोबा उचलतंय. अशी भेग नव्या फरशीतूनही वर येते. निम्मं अंगण असं निघालं तर फोडलेलंच स्वस्त.

कोबा गुळगुळीत असतो, वर शेवाळ. त्यावर माल धरत नाही. घासून धुवा, छिन्नीनं जवळजवळ टाचे, म्हणजे बारीक खाचा, मारा, भिजवा, सिमेंटचा घोळ ओता आणि तो ओला असतानाच 1:4 चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) माल पसरा. गवंडी टाचे मारायचा कंटाळा करतात, तेव्हा स्वतः उभ्या राहा.

ढाळ घराकडून गटाराकडे, 10 फुटांना दीड इंच. त्यासाठी घराकडे माल जाड लागला तर साडेआठात तेवढी भर घाला. तुळशीपाशी पाणी साचतं ते ढाळ चुकल्यामुळं. खळगा आधी भरून घ्या. फरशी बिनपॉलिशची आणा, पॉलिशची पावसात घसरते. काम दसऱ्यानंतर काढा आणि 7 दिवस पाणी मारा.

आणि हो, चेंबरचं झाकणही तेवढंच वर उचलायला सांगा. आमच्याकडं ते फरशीखाली गेलं होतं.