कॉलेज बेसबॉलमध्ये चारही सीझन खेळावेत, की तिसऱ्यानंतर ड्राफ्टला जावं?

चार वर्षांच्या कॉलेजात गेलेला अमेरिकन खेळाडू साधारणपणे तिसऱ्या सीझननंतर किंवा 21 वर्षांचा झाल्यावर एमएलबी ड्राफ्टला पात्र होतो. (एमएलबी म्हणजे मेजर लीग, अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीग; ड्राफ्टमध्ये तिचे क्लब फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात.) खरा पेच तिथेच असतो. तिसऱ्या वर्षी निवड झाली, तर 'पैसे कमी देताय, मी कॉलेजात परत जातो' असं क्लबला सांगता येतं. चौथ्यानंतर हा हुकमाचा पत्ता बहुधा हातात राहत नाही. म्हणून सीनियर, म्हणजे चौथ्या वर्षाच्या, खेळाडूंना त्याच फेरीत बऱ्याचदा कमी बोनसवर (करार करताना मिळणाऱ्या रकमेवर) सही करावी लागते.

तरीही थांबणं फळतं. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा जेक मँगम 2016 ते 2019 चारही सीझन खेळला. 2018 मध्ये न्यूयॉर्क मेट्स या क्लबने त्याला 32व्या फेरीत घेतलं, पण तो कॉलेजात परतला. 2019 मध्ये त्याच क्लबने चौथ्या फेरीत निवडलं. तोवर त्याच्या नावावर 383 हिट्स (चेंडू मारून बेस गाठणं) होते, एसईसी या कॉलेज संघांच्या गटातला विक्रम! मेजर लीग पदार्पण मात्र 2025 मध्ये झालं, हेही ध्यानात ठेवा.

आता ड्राफ्ट 20 फेऱ्यांचाच आहे, त्यामुळे 32व्या फेरीची आशा उरलेली नाही. माझं मत: पहिल्या काही फेऱ्यांत नाव आलं तर सही करावी. शेवटच्या फेऱ्यांत आलं आणि पदवी अपुरी असेल, तर परतावं. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) मात्र कोपराच्या दुखापतीचा धोका आधी तोलावा. टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर (कोपरातला फाटलेला अस्थिबंध बदलण्याची शस्त्रक्रिया) पुन्हा सामन्यात पिचिंग करायला वर्षभर किंवा जास्तच लागतं, आणि चौथा सीझन तिथेच जातो.